अरबी बोली टिपायच्या तर ‘याला काय म्हणतात?’ असं विचारू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मुंबईत दोन वर्षं अरबी शिकले, फुसहा, म्हणजे पुस्तकी प्रमाण अरबी, बऱ्यापैकी वाचता येते. पीएचडीसाठी अरबी बोलींवर काम करायचं आहे. हे संशोधन प्रत्यक्षात कसं करतात? इजिप्ती, शामी (सीरिया-लेबनॉनकडची), इराकी, खलिजी (इराणच्या आखाताची, म्हणजे खाडीची), मगरिबी (मोरोक्को ते लिबिया) या पाचांतला एक गट निवडायचा का? आणि सुरुवात कुठून करू?’

गटांचं नंतर बघू. तुम्हाला फुसहा येते, त्यामुळे काम सोपं होईल असं तुम्ही धरून चालला आहात. आधी त्याबद्दल बोलते, कारण माझी पहिली खेप त्याच समजुतीपायी वाया गेली.

बहरीनमधल्या एका गावात मी चारशे शब्दांची यादी घेऊन गेले होते. अवयव, नाती, भांडी, आकडे, धान्य, सगळं नीट लावलेलं. समोर खजुराच्या झावळ्यांच्या टोपल्या विणत बसलेली सत्तरीची आजी. मी लसणीचा गड्डा उचलून विचारलं, ‘याला काय म्हणतात?’ ती म्हणाली, ‘थूम’. आकडे विचारले तेव्हा तीनला म्हणाली, ‘थलाथा’. मी वहीत उतरवून घेतलं आणि खूश झाले. दुपारी स्वयंपाकघरात तीच आजी सुनेला ओरडून सांगत होती की लसूण आण, तीन पाकळ्या पुरेत. तेव्हा तिच्या तोंडून आलं ‘फूम’ आणि ‘फलाफा’. वहीतलं एकही उत्तर चूक नव्हतं, पण त्यातलं काहीच तिचं नव्हतं. पाहुणी शिकलेली, तिच्या हातात कागद, प्रश्न पुस्तकी अरबीत. मग म्हातारीने शाळेत न जाताही मशिदीतून आणि टीव्हीवरून कानावर पडलेली अरबी मला काढून दिली, जशी आपण पाहुण्याला चांगली कपबशी काढतो. तीन आठवड्यांच्या टेपा अशा ‘चांगल्या कपबशी’ने भरल्या होत्या.

(जाता जाता: या ‘फूम’ला अडाणी उच्चार समजू नका. कुराणातही, दुसऱ्या सूऱ्यात म्हणजे अध्यायात, हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ लसूण की गहू यावर जुन्या भाष्यकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. ‘थ’चा ‘फ’ होणं फार जुनं आहे.)

अरबी बोलींच्या अभ्यासाची जवळजवळ प्रत्येक पद्धत या एका अडचणीतून निघाली आहे. विचारलं की बोली मिळत नाही, फुसहा मिळते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959 मध्ये ‘डायग्लोसिया’वरचा प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात अरबी हे त्यांच्या चार उदाहरणांपैकी एक होतं. एकाच समाजात एक वरची भाषा आणि एक खालची, दोघींची कामं वाटून दिलेली. आपल्याला वाटतं, हे तर प्रमाण मराठी आणि मालवणी-वऱ्हाडीसारखं झालं. पण ही तुलना लंगडी आहे. प्रमाण मराठी निदान काही घरांत तरी आई मुलाशी बोलते. फुसहा कुणाचीच घरची भाषा नाही. कैरोच्या प्राध्यापकाची नाही, मक्केच्या इमामाचीही नाही. बातम्या, खुतबा म्हणजे मशिदीतलं प्रवचन, कोर्टाचा निकाल, पुस्तक इथे ती असते. घरात आणि बाजारात आम्मिया, मगरिबात तिचं नाव दारिजा. आणि बहुतेकांना वाटतं की खरी अरबी ती वरचीच, खालच्या अरबीला व्याकरणच नाही. मोडकीतोडकी आहे, तिचा अभ्यास कसला करता, हे मला किमान शंभर जणांनी प्रेमाने समजावलं आहे.

फर्ग्युसनच्या दोन पायऱ्या पुढे अपुऱ्या वाटू लागल्या. 1973 मध्ये अस-सईद बदवी यांनी इजिप्तच्या अरबीच्या पाच पातळ्या मांडल्या, वारशाच्या फुसहापासून निरक्षरांच्या आम्मियापर्यंत. मला हे वर्गीकरण उपयोगी वाटतं, पण टेप ऐकताना माणूस एका वाक्यात तीन पातळ्या चढून उतरतो, तेव्हा पायऱ्यांपेक्षा घसरगुंडी आठवते.

आता कान कसा लावायचा ते. एक आवाज धरा: क़ाफ. घशाच्या मागून निघणारा क. मराठीत फारसीमार्गे आलेला ‘कलम’ हा शब्द याच आवाजाने सुरू होतो, आपण तो साधा क केला. अरबांनी काय केलं? कैरो, दमास्कस, बैरूतच्या शहरी माणसाने तो गिळला, राहिला फक्त घशातला झटका: ’अलम. बेदुइनांनी, म्हणजे भटक्या टोळ्यांनी, आणि खाडीतल्या बहुतेकांनी तो ‘ग’ केला: गलम. मोसुलमध्ये अजून क़लम. आणि मध्य पॅलेस्टाइनच्या खेड्यांत चक्क आपल्यासारखं कलम.

इथे चौकस विद्यार्थी विचारतो: मग त्या खेड्यांत क़ल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा यांचा घोळ होत नाही का? होत नाही, कारण तिथे मूळचा क आधीच जागा सोडून गेला आहे. हृदय ‘कल्ब’ झालं, तर कुत्रा ‘चल्ब’ झाला. एकाने खुर्ची सरकवली म्हणून दुसऱ्याने सरकवली. बहरीनच्या त्या गावातही हेच. एक शब्द ऐकून बोली ओळखल्याचा दावा करणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नका. सुटा आवाज काही सांगत नाही, शेजारचा आवाज कुठे गेला तेही बघावं लागतं.

याच ठिकाणी मराठी कानाचा फायदा होतो, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही, कामाच्या अनुभवाने सांगते. खाडीकिनारी बाईला ‘कशी आहेस’ विचारताना ‘तुझं’ दाखवणाऱ्या कचा च होतो, आपल्या ‘चिमणी’तला. नज्दमध्ये, म्हणजे रियाधच्या आसपासच्या पठारावर, त्याच जागी ‘चाक’मधला च येतो. आणि नज्दच्या जुन्या बोलीत क़ाफचाही काही शब्दांत ‘जागा’मधला ज होतो. युरोपातून आलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला टेप तीनदा मागे घ्यावी लागायची. मला पहिल्या खेपेलाच कळायचं, कारण हा फरक आपण दुधाबरोबर शिकलो आहोत. उलट ‘ह’च्या बाबतीत आपण बहिरे. अरबीतला साधा ह आणि घशातला ह मला वेगळे ऐकू यायला वर्ष लागलं, आणि जाड स-पातळ स यांत मी अजूनही प्रात या सॉफ्टवेअरवर आवाजाचा आलेख काढून खात्री करते. स्वतःचा कान कुठे पक्का आणि कुठे कच्चा, हे आधी मांडून ठेवा.

आता गटांकडे. इजिप्ती, शामी वगैरे पाच कप्पे क्रमिक पुस्तकांसाठी ठीक आहेत. पण ‘मी लिहितो’ हे साधं क्रियापद घ्या. मगरिबात एकवचनाला ‘नेक्तेब’, अनेकवचनाला ‘नेक्तबू’. पूर्वेकडे ‘न’ फक्त अनेकवचनाचा. ही मगरिबाची मोठी खूण मानतात. पण ती रेषा लिबियाच्या सरहद्दीवर थांबत नाही, इजिप्तमध्ये शिरून नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेपर्यंत येते. पेटर बेहनश्टेट आणि मानफ्रेड वोइडिश यांनी गावोगाव फिरून केलेल्या इजिप्तच्या नकाशासंग्रहात हे दिसतं. त्याचे खंड 1985 ते 1999 दरम्यान निघाले. आणि इराकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोलींचा एक जुना गोतावळा तुर्कस्तानातल्या मार्दिनमध्ये राहतो.

देशाच्या नकाशापेक्षा जास्त खोल जाणाऱ्या दोन रेघा आहेत. एक: शहरी, खेडूत की बेदुइन. दोन: कुठल्या समाजाचा. दुसरीचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बगदाद. हाइम ब्लांक यांनी 1964 मध्ये ‘बगदादच्या जमातवार बोली’ असं पुस्तकच काढलं. एकाच शहरात मुसलमान ‘मी म्हणालो’ला ‘गिलित’ म्हणत, ज्यू आणि ख्रिश्चन ‘क़ुल्तू’च्या वळणाचं काही. कारण बाजारात नाही, इतिहासात आहे. ‘क़’वालं रूप जुन्या अब्बासी काळच्या शहरांचं. 1258 मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केल्यावर पुढच्या शतकांत वाळवंटाकडून लोक येत राहिले, मुसलमान वस्तीची बोली ‘ग’ची झाली; अल्पसंख्य समाज आपापल्या मोहल्ल्यांत जुनी बोली धरून राहिले. मोसुलला ही उलथापालथ झाली नाही, म्हणून तिथले मुसलमानही क़ वालेच. ब्लांक यांची दृष्टी 1948 च्या युद्धात गेली होती. ज्या माणसाने अरबी समाजांमधला हा इतका बारीक फरक जगापुढे मांडला, त्याने तो डोळ्यांशिवाय, निव्वळ कानाने टिपला. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

बगदादचे ज्यू 1950-51 मध्ये बहुतेक सगळे निघून गेले. त्यांची बोली आज बगदादमध्ये सापडणार नाही, इस्राएलमधल्या म्हाताऱ्यांकडे सापडेल. सीरियाच्या नकाशासंग्रहातल्या कित्येक गावांचंही युद्धानंतर तेच झालं आहे. बोलीचा पत्ता आणि बोलणाऱ्याचा पत्ता एकच असेल असं गृहीत धरू नका.

माझ्या त्या आजीच्या बहरीनकडे परत येते, कारण या क्षेत्रातला मला सर्वांत आवडणारा शोध तिथलाच आहे. बेटावर दोन समाज: बहारना, म्हणजे जुने शेतकरी-कोळी शिया, आणि अरब, म्हणजे नज्दकडून आलेल्या टोळ्यांचे वंशज सुन्नी. बहारना ‘ज’ला ज म्हणतात, फुसहातही तो ज-च आहे. अरब मात्र त्याचा ‘य’ करतात. रजुल म्हणजे पुरुष, त्याचा होतो ‘रिय्याल’. आता दोघे बाजारात भेटले तर कोण कुणाकडे झुकेल? पुस्तकातल्या प्रमाण भाषेकडे लोक झुकतात हा सिद्धांत खरा असता, तर अरबाने य सोडून ज धरला असता. घडतं उलट. क्लाइव्ह होल्स यांनी 1970 च्या दशकात तिथे ध्वनिमुद्रणं करून दाखवलं की बहारनाच आपला, फुसहाशी जुळणारा, ‘शुद्ध’ ज टाकून चारचौघांत य म्हणू लागतात. कारण खाडीभर सत्ता आणि प्रतिष्ठा य म्हणणाऱ्यांकडे आहे. प्रमाण एक आणि प्रतिष्ठित दुसरं, हे तिथे शब्दशः ऐकू येतं. पुढे 1986 मध्ये मुहम्मद इब्राहीम यांनी नेमका हाच मुद्दा सगळ्या अरबी समाजभाषाविज्ञानाला लागू करून मांडला, आणि तोवरचे कितीतरी निष्कर्ष डळमळले. तोवर पाश्चात्त्य शहरांच्या अभ्यासावरून धरून चालले होते की बायका प्रमाण रूपांकडे जास्त झुकतात. अरबीत मात्र त्या ‘कमी फुसहा’ बोलताना सापडत आणि संशोधक डोकं खाजवत. त्या झुकत होत्या प्रतिष्ठेकडेच, फक्त ती फुसहात नव्हती, शहराच्या बोलीत होती.

अम्मानमध्ये याचा पुढचा अंक दिसतो. 1921 मध्ये ट्रान्सजॉर्डनची राजवट आली तेव्हा ते लहानसं गाव होतं, त्याची स्वतःची शहरी बोलीच नव्हती. जॉर्डन नदीच्या पूर्व तीरावरचे जॉर्डनी ‘ग’वाले, पॅलेस्टाइनच्या शहरांतून आलेले झटकेवाले. मग एनाम अल-वेर यांच्यासारख्या संशोधकांना दिसलं की मुली झटक्याकडे गेल्या, आणि मुलगे? ग हा पुरुषीपणाचा आणि जॉर्डनीपणाचा बिल्ला झाला, विशेषतः जॉर्डनी लष्कर आणि पॅलेस्टिनी गट यांच्यातल्या 1970 च्या यादवीनंतर. असेही तरुण आहेत की मैत्रिणीशी बोलताना झटका आणि मित्रांत ग. त्यामुळे ‘अमुक माणूस ग वापरतो’ असं वहीत लिहून भागत नाही. कुणाशी बोलताना, हे सोबत हवंच.

इतिहास दोन ओळींत. आठव्या शतकात सीबवैह, स्वतः फारसी भाषक, बसऱ्यात बसून अरबी व्याकरण लिहीत होता तेव्हाच त्याने हिजाझवाले (मक्का-मदिनेकडचे) असं म्हणतात, तमीमवाले (पूर्वेकडची एक टोळी) तसं, अशी नोंद केली आहे. शहरी बोली मात्र जुन्या वैयाकरणांना बिघडलेली वाटे, म्हणून ती आपल्याला ‘लोक चुका करतात’ अशा तक्रारींतून चाळून काढावी लागते. आधुनिक काळात बेर्गश्ट्रेसर यांचा सीरिया-पॅलेस्टाइनचा नकाशासंग्रह 1915 चा. त्यानंतर फ्रेंच मंडळी. त्यांचं काम उत्तम, पण वसाहतीच्या कारभारासोबत आलेलं, आणि आजही अल्जीरियात ‘बोलीचा अभ्यास’ म्हटलं की काही जणांच्या कपाळावर आठी पडते ती उगाच नाही. बोलींना महत्त्व देणं म्हणजे अरबांत फूट पाडणं, हा संशय तिथे खोल आहे. तुम्ही भारतीय आहात म्हणून त्यातून सुटाल असं समजू नका.

आता हातचं काम. यादी टाकून द्या असं मी म्हणत नाही, ती खिशात ठेवा. समोर मात्र प्रक्रिया विचारा: रोटी कशी करता, लग्नात काय काय असतं, मोती काढायला माणसं जायची तेव्हा मागे घर कोण चालवायचं. माणूस गोष्टीत रंगला की दहा-पंधरा मिनिटांनी फुसहा गळून पडते. सर्वांत चांगलं ध्वनिमुद्रण दोन स्थानिक माणसं एकमेकांशी बोलत असताना होतं, आणि तेव्हा संशोधकाने चहा पीत गप्प बसायचं असतं. अर्थात यंत्र चालू आहे हे त्यांना माहीत हवं आणि त्यांची परवानगी आधी हवी. चोरून टेप करणारे पूर्वी होते. आता ते कुणी छापतही नाही आणि छापू नये. समाज कुठला हे तोंडावर विचारू नका. बहरीन, इराक, लेबनॉन इथे त्या प्रश्नाचा अर्थ भाषेपुरता राहत नाही. गाव विचारा, आजोळ विचारा, तेवढ्यावर कळतं. तुम्ही बाई आहात याचा मात्र मोठा उपयोग होईल. जुन्या वर्णनांतल्या बऱ्याच बोली पुरुषांनी पुरुषांकडून घेतलेल्या आहेत, कारण आतल्या खोलीत त्यांना प्रवेशच नव्हता. तिथल्या बोलीवर आजही काम कमी आहे.

लिप्यंतराला वेळ किती लागतो याचा अंदाज नवख्यांना नसतो. माझ्या हाताला एका मिनिटाच्या गप्पांना सव्वा-दीड तास लागतो, तोही ओळखीच्या बोलीत. ईलॅन या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या पट्टीखाली ओळी लावत जायचं. अरबी लिपीत लिहू नका. ती स्वर लपवते, आणि तुमचा हात नकळत फुसहाचं शुद्धलेखन करून टाकतो. देवनागरीतही नको, आपले ह आणि स पुरत नाहीत हे वर आलंच.

संगणकाकडून येणारं काम तुम्हाला भेटेलच. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मदार’ संग्रहात 25 शहरांच्या बोलींत तीच दोन हजार वाक्यं आहेत. भाषांतर करणाऱ्यांना मूळ वाक्यं मुद्दाम इंग्रजी-फ्रेंचमध्ये दिली, अरबीत नाही. म्हणजे तिथेही पहिली लढाई फुसहाला दाराबाहेर ठेवण्याचीच होती. शहराशहरांची तुलना करायला हा संग्रह छान आहे. पण प्रवाशांच्या उपयोगाची वाक्यं भाषांतरित करणं म्हणजे बोलणं नव्हे, त्यावरून रबातची आजी कशी बोलते हे सांगू नका. मोबाइलवरची अरबी जास्त जिवंत आहे. ऐन या घशातल्या व्यंजनासाठी 3, घशातल्या हसाठी 7, झटक्यासाठी 2 असे आकडे घालून पोरं रोमन लिपीत लिहितात, आणि गंमत म्हणजे त्यात झटका की क़ की ग हे स्पष्ट दिसतं, जे अरबी लिपी झाकून टाकते.

फुसहाच्या दाबाशिवाय अरबी कशी वाढते ते बघायचं असेल तर कडेला जा. माल्टाची भाषा रोमन लिपीत लिहिली जाते, 2004 पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे आणि मुळात अरबी बोलीच आहे. सायप्रसमध्ये कोरमाकितिस गावच्या मारोनी ख्रिश्चनांची अरबी शतकानुशतकं ग्रीकच्या सावलीत राहिली.

आणि आता सुरुवात कुठून. कैरोचं तिकीट काढण्याआधी रत्नागिरी किंवा रायगडला जा. तिथल्या कितीतरी घरांत वीस-पंचवीस वर्षं मस्कत, दोहा, कुवेतला काढून आलेला माणूस आहे, आणि तो सांगेल, ‘मला अरबी येते.’ त्याला येते ती बहुधा खाडीची पिजिन अरबी. मालक आणि मजूर, दोघांनी मिळून कामापुरती बनवलेली. क्रियापदाला प्रत्यय नाहीत, ‘फी’ (आहे) आणि ‘माफी’ (नाही) यांवर अर्धं व्याकरण चालतं, ‘फोन कर’ला ‘सव्वी तलफून’. जे. आर. स्मार्ट यांनी 1990 मध्ये तिची पहिली शास्त्रीय नोंद केली, तिच्यावर नंतरही काम झालं आहे, पण मराठी आणि कोकणी घरच्या बोलीचं तिच्यावर काय वळण पडतं हा प्रश्न अजून तुमच्यासारखीची वाट बघतो आहे. ‘मला माहीत नाही’ला हा माणूस म्हणेल ‘आना माफी मालूम’. मालूम हा शब्द मूळ अरबी, फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि कामगारांच्या तोंडून परत अरबस्तानात गेला. तो त्याने मालकाकडून उचलला की घरून नेला? उलट दिशेचा माल तर उघड दिसतो: खाडीच्या बोलीत पंखा ‘बंका’ आहे, सरळ जा ‘सीदा’ आहे, कचरा कचराच आहे. 1960 च्या आसपासपर्यंत तिथे भारतीय रुपया चालत होता, त्याच गलबतांतून हे शब्द उतरले.

तर एखाद्या अशा काकांकडे बसा. ‘लसणीला काय म्हणतात’ विचारू नका. एकदा पगार तीन महिने अडला होता तेव्हा मुकादमाशी काय बोलणं झालं, ते जसंच्या तसं सांगा म्हणावं, आणि यंत्र त्यांच्यासमोर ठेवून चालू करा.